डीबीएसचा विचार करताय? ऑपरेशनआधीची आणि नंतरची कामं

पार्किन्सन्स असलेल्या घरात ‘डीबीएस’, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत तार बसवून वीज द्यायचा उपचार, हे नाव बहुधा व्हिडिओतून येतं. बटण बंद असताना हात थडथडतोय. बटण सुरू केलं की तोच हात कपात चहा ओततोय. व्हिडिओ खरे असतात. पण ते पाहून लोक विचारतात ते दोनच प्रश्न: सर्जन कोण चांगला, आणि खर्च किती? प्रश्न रास्त आहेत, फक्त त्यांचा नंबर बराच मागे लागतो. ऑपरेशन एक-दोन दिवसांत उरकतं. त्याआधी या माणसाला ते करावं की नाही हे ठरवायला काही महिने जातात, आणि नंतर यंत्र त्याच्या अंगाला जुळवायला आणखी काही महिने. या दोन्ही टोकांना एकट्या सर्जनचं काम भागत नाही, टीम लागते.

मी डॉक्टर नाही, शुभंकर आहे, म्हणजे पार्किन्सन्सच्या माणसाची घरी काळजी घेणारी. ज्याला आजार आहे तो शुभार्थी. आपल्याकडच्या मदतगटांत हेच शब्द चालतात, इथेही तेच वापरते. औषधाची मात्रा या लेखावरून कुणी बदलू नये.

आधी थोडक्यात, हे आहे काय

मेंदूत खोलवर, हालचालींचा ताळमेळ ठेवणाऱ्या केंद्रात, बहुधा दोन्ही बाजूंना एकेक बारीक तार बसवतात. तिची जाडी साधारण सव्वा मिलीमीटर. टोकाला विजेचे छोटे संपर्कबिंदू असतात. ही तार कातडीखालून, कानामागून, मानेतून छातीपर्यंत आणतात आणि गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीच्या यंत्राला जोडतात. बाहेरून एक उंचवटा तेवढा दिसतो. पार्किन्सन्समध्ये तार बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये किंवा ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागात जाते. एसेन्शियल ट्रेमर या नुसत्या कंपाच्या आजारात थॅलॅमसमध्ये, तर डिस्टोनियात, म्हणजे स्नायू आपोआप पिळवटण्याच्या आजारात, मुख्यतः पॅलिडसमध्ये.

कंपावर मेंदूतला ठरावीक ठिपका जाळून टाकायचं ऑपरेशन डीबीएसच्या आधीपासून होत होतं. जाळण्यापूर्वी जागा बरोबर आहे ना हे बघायला तिथे वीज देत. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं, की विजेची स्पंदनं पुरेशी वेगात दिली तर नुसत्या विजेनेच कंप थांबतो. मग जाळायचं कशाला, तारच आत ठेवावी, असं ठरलं. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९७ साली कंपासाठी आणि २००२ साली पार्किन्सन्ससाठी या उपचाराला मान्यता दिली. जाळलेला ठिपका पुन्हा भरून येत नाही. वीज कमी-जास्त करता येते, बंदही करता येते. डीबीएसचा सगळा फायदा यात आहे आणि नंतरचे हेलपाटेही यामुळेच आहेत.

आजार याने बरा होत नाही आणि त्याची वाटचालही थांबत नाही. लक्षणं आटोक्यात येतात.

पायरी १ : निदान पुन्हा एकदा तपासून घ्या

पार्किन्सन्ससारखे दिसणारे आजार आहेत: मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी. सुरुवातीला तेही तसेच दिसतात. मग पहिल्या वर्ष-दोन वर्षांत वारंवार पडणं, उभं राहताच चक्कर, नजर वर-खाली न फिरणं, औषधाला दाद न मिळणं अशा गोष्टी डोकं वर काढतात. या आजारांत डीबीएसचा उपयोग होत नाही. आजार सुरू होऊन चार-पाच वर्षं झाल्याशिवाय डॉक्टर सहसा हा विषय काढत नाहीत, त्यामागचं एक कारण हेच: तोवर सोंगं उघडी पडतात.

दुसरी भानगड आपल्याच औषधांच्या डब्यात असते. चक्करेसाठी वर्षानुवर्षं घेतलेली प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनची गोळी, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये गुपचूप मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, ही औषधं स्वतःच पार्किन्सन्ससारखी लक्षणं आणू शकतात, असलेली वाढवू शकतात. डब्यातली एकूण एक स्ट्रिप डॉक्टरांसमोर ठेवा आणि पाठीमागचं बारीक अक्षर वाचून घ्या. ‘ती पोटाची आहे, तिचा काय संबंध’ असं म्हणून कुठलीही घरी ठेवू नका. आयुर्वेदिक चूर्णंही न्या. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीतलं औषधच असतं. कुणी ते सकाळी चमचाभर घेत असेल आणि सांगत नसेल, तर पुढच्या सगळ्या नोंदी आणि चाचण्या फसतात.

हे सगळं शक्यतो मूव्हमेंट डिसॉर्डर्सचं, म्हणजे हालचालींच्या आजारांचं, काम करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे करा. फॅमिली डॉक्टरांना यात दुखावण्यासारखं काही नाही.

पायरी २ : आठवडाभराची वही

या पायरीला एक पैसा लागत नाही, आणि हिच्याइतकी टाळाटाळ दुसऱ्या कशाचीही होत नाही.

लेव्होडोपा, म्हणजे सिंडोपा वगैरे नावांनी मिळणारी गोळी, पहिली काही वर्षं दिवसभर पुरते. पुढे गोळी चढते, काही तास टिकते आणि पुढची वेळ व्हायच्या आतच उतरते. चढलेला वेळ ‘ऑन’, उतरलेला ‘ऑफ’. गोळीचा जोर जास्त झाला की तिसरीच अवस्था येते, डिस्कायनेशिया. अंग आपोआप डुलतं, पाय वळवळतात, मान वळते.

घरची मंडळी इथेच गोंधळतात. कंप ठरावीक तालात असतो, हात मांडीवर निवांत असताना दिसतो. डिस्कायनेशियाला ताल नसतो. ती सगळ्या अंगातून वाहत जाते आणि बरेचदा गोळी ऐन भरात असताना येते. दोन्हीला आपण ‘थरथर वाढलीय’ म्हणून सांगतो. डॉक्टर त्यावर गोळी वाढवतात, आणि डिस्कायनेशिया असेल तर ती आणखी वाढते. म्हणून शब्दांवर विसंबू नका, मोबाइलवर चित्रण करा. एक ऑफमध्ये, एक ऑनमध्ये, एक डुलण्याच्या वेळी. तिन्हीत त्याच गोष्टी करायला लावा: खुर्चीतून हात न टेकता उठणं, दहा पावलं चालून वळणं, अंगठा-तर्जनी भरभर जुळवणं.

वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखा. सकाळचं पान साधारण असं दिसेल: ६.०० ऑफ, कूस वळता येत नाही. ६.३० गोळी. ७.१५ ऑन. ७.३० दूध-पोहे. ९.०० डावा पाय अडखळतो. ९.३० ऑफ. १०.०० गोळी. १०.३० अजून ऑफ. जेवण, झोप, शौच, पडणं हेही लिहा. झोपेचा रकाना रिकामा सोडू नका. रात्री दोनला बाथरूमला जाताना ऑफ असतो, आणि पडायचा धोका तेव्हा मोठा असतो.

आठवड्याच्या वहीतून कधी कधी असं निघतं की ऑपरेशनची गरजच नाही. गोळी दुधाबरोबर, डाळ-पनीरच्या जेवणावर घेतली जातेय, आणि प्रथिनांशी स्पर्धा करताना ती शोषलीच जात नाहीये. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतली, बद्धकोष्ठतेवर नीट उपाय केला, दोन गोळ्यांतलं अंतर बदललं, की दिवस सुधारतो. तसं झालं तर उत्तमच.

एवढं करूनही दिवसाला पाच किंवा अधिक वेळा लेव्होडोपा, दोन तासांहून जास्त ऑफ, किंवा तासाभराहून जास्त त्रासदायक डिस्कायनेशिया, यांतलं काही उरत असेल तर डॉक्टर पुढच्या उपचारांचा विचार करतात. जगभर याला ‘५-२-१’ म्हणतात. ही चाळणी आहे, यात बसलात म्हणजे डीबीएस करायलाच हवं असं नाही. गोळ्यांना दाद न देणारा जबर कंप असेल तर मात्र या हिशेबाबाहेरही विचार होतो.

पायरी ३ : टीम कुठे आहे ते शोधा

रुग्णालयाच्या पाटीवर ‘डीबीएस उपलब्ध’ असणं आणि तिथे टीम असणं यात फरक आहे. टीममध्ये निदान एवढी माणसं हवीत: मूव्हमेंट डिसॉर्डर्सचा न्यूरॉलॉजिस्ट, हेच काम नियमित करणारा न्यूरोसर्जन, न्यूरोसायकॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, यंत्राचं प्रोग्रॅमिंग करणारी व्यक्ती, फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट. ती एकाच मजल्यावर बसली पाहिजेत असं नाही, पण त्यांनी तुमच्या केसवर एकत्र बसून बोललं पाहिजे. सरळ विचारा, ‘आमच्या केसवर टीमची मीटिंग होते का? कोण कोण असतं?’ उत्तरात फक्त सर्जनचं नाव आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

बेंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, दिल्लीचं एम्स इथे अशी टीम आहे. मुंबईत जसलोकमध्ये हे काम अनेक वर्षं चालू आहे, आणि आता मुंबई-पुण्यातल्या आणखीही काही रुग्णालयांत होतं. निवडताना घरापासूनचं अंतर जरूर मोजा. ऑपरेशनला एकदा जायचं असतं, प्रोग्रॅमिंगला वारंवार. नांदेडहून किंवा सावंतवाडीहून रात्रभर प्रवास करून, झोप न झालेल्या, गोळ्यांची वेळ चुकलेल्या माणसाचं यंत्र जुळवणं हे टीमलाही अवघड जातं.

आणखी चार प्रश्न: वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? प्रोग्रॅमिंग रुग्णालयाचा माणूस करतो की कंपनीचा? तो रजेवर असला तर कोण? आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? शेवटच्या प्रश्नाला जे केंद्र चटकन नंबर लिहून देतं त्याला माझ्याकडून जास्त गुण.

न्यूरोसायकॉलॉजिस्टची तपासणी दोन-तीन तास चालते. स्मरणशक्ती, लक्ष, भाषा, नियोजन सगळं पाहतात. स्मृतिभ्रंश स्पष्ट असेल तर डीबीएस टाळतात, कारण तो वाढू शकतो. तपासणी शुभार्थीच्या भाषेत व्हायला हवी. सातवी शिकलेल्या, आयुष्य शेतीत गेलेल्या आजोबांना इंग्रजीत किंवा पुस्तकी हिंदीत शब्दयादी विचारली तर त्यांचे गुण आजारामुळे कमी आले की भाषेमुळे, कळायचं कसं? केंद्र महाराष्ट्राबाहेरचं असेल तर मराठी बोलणारं कुणी आहे का, हे वेळ घेतानाच विचारा.

मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं म्हणून बिचकू नका, आणि तिथे काही लपवू नका. नैराश्य आधी उपचार करून स्थिर व्हावं लागतं. ऑपरेशननंतर आत्महत्येचे विचार आल्याची उदाहरणं आहेत, म्हणून टीम हे गांभीर्याने घेते. दुसरा मुद्दा घराघरांत झाकला जातो. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या पार्किन्सन्सच्याच गोळ्यांमुळे काही जणांना जुगार, रात्रभर ऑनलाइन खरेदी, लैंगिक इच्छा अनावर होणं असले प्रकार होतात. मुलांना वाटतं बाबा बिघडले, आई कुणाकडे बोलत नाही. हा औषधाचा परिणाम आहे, मात्रा कमी केली की बहुधा ओसरतो. तो लपवून ऑपरेशनला गेलात तर नंतर त्याचं मूळ शोधणं फार कठीण होतं.

पायरी ४ : गोळीची परीक्षा

हिला लेव्होडोपा चॅलेंज म्हणतात. आदल्या रात्रीपासून पार्किन्सन्सची औषधं बंद, साधारण बारा तास. लांब टिकणाऱ्या गोळ्या त्याहून आधी थांबवतात, कोणती कधी ते टीम लिहून देते. सकाळी रुग्णालयात पोचेपर्यंत शुभार्थी पूर्ण ऑफमध्ये असतो. व्हीलचेअर लागते, बटणं लावता येत नाहीत, आवाज पुटपुटण्यावर येतो. घरच्यांना हे बघवत नाही आणि कुणीतरी कळवळून अर्धी गोळी देतं. देऊ नका. त्या अर्ध्या गोळीने सगळी सकाळ वाया जाते.

मग डॉक्टर ठरलेल्या क्रमाने तपासतात. बोटं जुळवा, मूठ उघडा-मिटा, टाच आपटा, उठा, चाला, आणि मागून खांदे ओढून तोल सावरता येतो का ते बघतात. प्रत्येक गोष्टीला शून्य ते चार गुण, एकूण १३२ पैकी. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. नंतर सकाळच्या नेहमीच्या डोसाहून मोठा डोस देतात, कधी पाण्यात विरघळवून. तासाभरात माणूस ऑन होतो आणि तीच तपासणी पुन्हा होते. समजा ऑफमध्ये ५२ गुण होते आणि ऑनमध्ये २४ झाले, तर सुधारणा अर्ध्याहून थोडी जास्त. निदान तीस टक्के सुधारणा असावी अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

या सकाळी एक काम तुमचंही. ऑनमध्ये काय काय सुधारलं ते नीट बघून ठेवा. गोळी ऐन भरात असताना जे सुधारतं ते डीबीएसने बहुधा सुधारतं, आणि दिवसातला जास्त वेळ टिकतं. गोळीने जे सुधारत नाही ते डीबीएसनेही सहसा सुधारत नाही. कंप याला मोठा अपवाद, तो गोळीला जुमानत नसला तरी विजेला बऱ्याचदा जुमानतो.

पायरी ५ : अपेक्षा, निर्णय आणि पैसे

कंप, ताठरपणा, मंदपणा, ऑफचे तास, डिस्कायनेशिया यांत फरक पडतो. बोलणं, गिळणं, तोल, ऑनमध्येही जमिनीला पाय चिकटणं, स्मरणशक्ती यांवर भरवसा ठेवू नका. बोलणं तर कधी कधी थोडं बिघडतंही. घरी बसून कागदावर तीनच गोष्टी लिहा, शुभार्थीच्या शब्दांत. ‘रात्री कूस बदलता यावी’, ‘स्वतःच्या हाताने आमटी-भात खाता यावा’, ‘दुपारी बँकेत जाता यावं’. हा कागद टीमला दाखवा आणि एकेका ओळीवर होईल, कदाचित, नाही, असं लिहून घ्या. ‘पूर्वीसारखं व्हायचंय’ ही ओळ असेल तर ती तिथेच खोडावी लागते.

निर्णय शुभार्थीचा. मुलगा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर ‘करूनच टाका’ म्हणतो आणि बाबा मान डोलावतात, हा निर्णय नव्हे. निदान एक भेट त्यांनी डॉक्टरांशी एकट्याने बोलावं.

घाई नको, पण फार उशीरही नको. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अर्लीस्टिम या युरोपीय अभ्यासात चढ-उतार नुकते सुरू झालेल्या, साठीच्या आतल्या लोकांनाही नुसत्या औषधांपेक्षा डीबीएस अधिक औषधं असा फायदा दिसला होता. वयाची पक्की रेघ कुठे नाही. सत्तरीनंतर टीम जास्त काटेकोर होते. ज्यांना ऑपरेशन नको किंवा चालणार नाही त्यांच्यासाठी अपोमॉर्फिनचं इंजेक्शन वा पंप, एमआरआयच्या मार्गदर्शनाखालची फोकस्ड अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींनी बाहेरूनच मेंदूतला ठिपका जाळणं) असे पर्याय आहेत. त्यांची माहिती मागा, मिळालीच पाहिजे.

पैशांचं बोलू. खर्चाचा मोठा हिस्सा यंत्राचा असतो आणि खासगी रुग्णालयात एकूण आकडा अनेक लाखांत जातो. लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात यंत्र, रुग्णालय, सुरुवातीचं प्रोग्रॅमिंग आणि पुढची बॅटरी असे वेगळे रकाने मागा. साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते आणि मग छोटं ऑपरेशन करून बदलावी लागते. रिचार्जेबल पंधरा वर्षं वा जास्त चालू शकते, महाग असते, पण नियमित चार्ज करावी लागते. शुभार्थी एकटा राहत असेल, विसरत असेल, तर रिचार्जेबलने पुढे होणारी बचत कागदावरच राहते.

आरोग्यविम्याबद्दल: आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने २०१९ साली ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाही अशी यादी दिली, तिच्यात डीप ब्रेन स्टिम्युलेशन आहे. पण कंपनी त्याला उपमर्यादा लावू शकते. पाच लाखांच्या पॉलिसीत या उपचाराला किती, हे पॉलिसीच्या मजकुरात ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ या शीर्षकाखाली शोधा आणि पूर्वमंजुरी लेखी घ्या. पार्किन्सन्स हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करता येतो. तो ऑपरेशनची वाट न बघता करा.

पायरी ६ : ऑपरेशन

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून लेखी घ्या. केस किती कापणार तेही विचारा. बायकांना हा प्रश्न विचारायला उगाच संकोच वाटतो.

सकाळी पुन्हा ऑफ अवस्था. डोक्याला भूल देऊन धातूची चौकट चार ठिकाणी स्क्रूने घट्ट बसवतात. ही चौकट बसताना आवळल्यासारखं होतं, आणि दिवसातला सगळ्यात नकोसा भाग तो हाच असं अनेक जण सांगतात. चौकटीसकट स्कॅन होतो, तो आधीच्या एमआरआयवर बसवून वाट आखली जाते. कवटीला साधारण १४ मिलीमीटरचं भोक पडतं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, त्यामुळे शुभार्थी जागा असू शकतो. हल्ली काही केंद्रांत पूर्ण भूल देऊनही करतात.

जागेपणी करतात त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. केसाएवढी बारीक सुई आत सरकत असताना पेशींचे विद्युत्संकेत स्पीकरवर ऐकवतात. सुई योग्य जागी शिरली की खोलीतला आवाज बदलतो, पत्र्यावर पाऊस धरल्यासारखा भरगच्च होतो. मग वीज देऊन बघतात. न्यूरॉलॉजिस्ट मनगट हलवून ताठरपणा चाचपतो. ‘काका, मूठ उघडा-मिटा. भरभर. आता वार म्हणा बरं, सोमवारपासून.’ बोलणं जडावलं, तोंड एका बाजूला ओढलं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसलं, तर तार किंचित हलवतात. म्हणून ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचं आधी सांगून ठेवा, आणि थिएटरमध्ये मराठी समजणारं कुणी आहे ना याची खात्री करा. हा भाग काही तास चालतो. छातीतलं यंत्र त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी पूर्ण भूल देऊन बसवतात.

धोके स्पष्ट ऐकून घ्या. मेंदूत रक्तस्राव शंभरात साधारण एक-दोघांना होतो, त्यांतल्या काहींना कायमचं अपंगत्व येऊ शकतं. जंतुसंसर्ग त्याहून थोडा जास्त आढळतो आणि कधी यंत्र काढावं लागतं. तार सरकणं, तुटणंही होतं. वय जास्त असेल तर पहिले काही दिवस भ्रम, रात्री असंबद्ध बोलणं दिसू शकतं. बहुधा ते निवळतं, पण रात्री सोबतीला घरचं ओळखीचं माणूस ठेवा.

पायरी ७ : प्रोग्रॅमिंग, खरं काम

ऑपरेशननंतर, यंत्र सुरू व्हायच्या आधीच, पुष्कळांना बरं वाटतं. तार शिरताना तिथल्या पेशींना जो किंचित धक्का बसतो त्याचा हा परिणाम. काही दिवस, काही आठवडे टिकतो आणि जातो. या काळात पेढे वाटले जातात, आणि मग ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणून रडारड होते. दोन्ही थांबवा, यंत्र अजून सुरूच झालेलं नाही.

साधारण दोन ते चार आठवड्यांनी पहिलं प्रोग्रॅमिंग. एकेक संपर्कबिंदू घेऊन वीज हळूहळू वाढवतात: कुठे ताठरपणा सुटतो, कुठे मुंग्या येतात, कुठे जीभ जड होते. स्पंदनांचा वेग बहुधा सेकंदाला १३० च्या आसपास असतो. कंप काही सेकंदांत थांबलेला दिसतो. ताठरपणा काही मिनिटांत सुटतो. चालण्यातला फरक कळायला तास-दिवस लागतात. डिस्टोनियात तर आठवडे-महिने. म्हणून एकाच भेटीत सगळं बसत नाही. तीन ते सहा महिने ये-जा गृहीत धरा. पायरी दोनची वही पुन्हा बाहेर काढा. ‘बरं आहे’ या उत्तरावर कुणालाही यंत्र जुळवता येत नाही. ‘मंगळवारपासून दुपारी चारला उजवा पाय ओढतो’ यावर येतं. काही नव्या यंत्रांत दुरून प्रोग्रॅमिंगची सोय असते. तुमच्या मॉडेलला ती इथे चालते का, हे खरेदीआधी विचारा.

गोळ्या सबथॅलॅमिक डीबीएसनंतर बऱ्याच कमी होतात, पण टीम सांगेल त्या वेगाने. ‘आता यंत्र आहे’ म्हणून आपल्या मनाने सगळ्या बंद केल्या तर अंग कडक होऊन ताप चढण्याइतकी गंभीर अवस्था येऊ शकते. आणि फार भराभर कमी केल्या तर माणूस हालचालीला मोकळा पण मनाने थंड होतो. बसून राहतो, कशातच रस नाही. घरच्यांना तो आळस वाटतो. टीमला कळवा, हे दुरुस्त होण्यासारखं असतं.

याच महिन्यांत फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी वाढवायची असते, आणि लोक नेमकी तेव्हा सोडतात. पाय मोकळे झाले, तोल मात्र जुनाच. वेगाने उठून वळायला जातात आणि पडतात. वजनही वाढतं, त्याकडे लक्ष ठेवा. शुभंकरांनी आपला हात आवरावा. जे बटण ते स्वतः लावू शकतात ते लावू द्या, पाच मिनिटं लागली तरी.

पायरी ८ : यंत्रासकट घरी

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: डायथर्मी कधीही नाही. गुडघा, कंबर, खांदा धरला की आपण कोपऱ्यावरच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ‘शेक’ घ्यायला जातो. तिथलं शॉर्टवेव्ह किंवा मायक्रोवेव्ह डायथर्मीचं यंत्र शरीराच्या कुठल्याही भागाला लावलं तरी तारेची टोकं तापून मेंदूला इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डीबीएसचं यंत्र बंद करून लावलं तरी धोका तोच. क्लिनिकमधल्या नव्या मुलीला हे ठाऊक असेलच असं धरू नका. टेबलावर झोपायच्या आधी डीबीएसचं यंत्र असल्याचं कार्ड दाखवा. घरची गरम पाण्याची पिशवी चालते.

एमआरआय काही अटींवरच होतो, त्या प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या असतात. डीबीएसच्या केंद्राला फोन केल्याशिवाय टेबलावर चढू नका. मोतीबिंदूपासून हर्नियापर्यंत कुठलंही ऑपरेशन असो, सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना आधी सांगा, रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणाची पद्धत बदलावी लागते. ईसीजीत यंत्रामुळे रेघा खराब येतात, तेव्हा ते तात्पुरतं बंद करण्याचा रिमोट जवळ हवा आणि तो चालवणारं माणूसही.

विमानतळावर, मॉलच्या दारात, मंदिराच्या रांगेत कार्ड दाखवून हाताने तपासणी मागा. हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नका. मोबाइल, मिक्सर, टीव्ही यांची काळजी नको.

बॅटरीची पातळी ठरलेल्या वारी तपासा आणि वहीत लिहा. ती संपत आली की लक्षणं हळूहळू परततात आणि सगळे समजतात आजार वाढला. वर्षानुवर्षं यंत्रावर असलेल्या माणसाचं यंत्र अचानक बंद पडणं ही आणीबाणी आहे. सकाळी एकाएकी पूर्ण ताठरला तर आधी रिमोटने यंत्र सुरू आहे का बघा, मग केंद्राला फोन. बदलण्याचा अंदाजे महिना आणि त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम घरातल्या दोघांना तरी ठाऊक हवी.

एक फाइल करा: डिस्चार्ज कार्ड, यंत्राचं मॉडेल आणि अनुक्रमांक, शेवटच्या प्रोग्रॅमिंगचा कागद, औषधांचं वेळापत्रक, टीममधल्या माणसांचे नंबर. तिचे फोटो दोन मोबाइलमध्ये ठेवा. आणि निर्णयाआधी, डीबीएस होऊन दोन-तीन वर्षं झालेल्या निदान दोन शुभार्थींना भेटा, एक ज्यांचं छान चाललंय आणि एक ज्यांची निराशा झाली. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ, मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसॉर्डर सोसायटी यांच्या सभांना अशी माणसं भेटतात. जाताना तो तीन ओळींचा कागद सोबत ठेवा, आणि शक्यतो त्यांच्या ऑनच्या वेळेत जा.